फील्ड पॉइंट मध्यावर, ब्रॉडहेड चार इंच बाहेर: क्रॉसबोच्या बोल्टमधला दोष शोधायचा कसा

ही तक्रार दरवर्षी हरणाचा मोसम तोंडावर आला की येते आणि शब्दही जवळजवळ तेच असतात. उन्हाळाभर क्रॉसबोवर, म्हणजे बंदुकीसारखा दस्ता असलेल्या आडव्या धनुष्यावर, फील्ड पॉइंट (सरावाचं साधं टोक) लावून सराव झाला, ३० यार्डांवर तीन बोल्ट (क्रॉसबोचे आखूड बाण) मुठीएवढ्या जागेत बसत होते. मग त्याच बोल्टना ब्रॉडहेड (शिकारीची धारदार पात्यांची टोकं) लावले. एक चार इंच डावीकडे गेला, दुसरा खाली, तिसरा टार्गेटच्या कडेला. लगेच स्कोपची (नेमाच्या दुर्बिणीची) टोपणं उघडून क्लिक, म्हणजे नेम सरकवायचे टप्पे, मोजणं सुरू होतं. एक बोल्ट मध्यावर येतो, तोवर बाकीचे दोघे आणखी लांब गेलेले असतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

स्कोपला हात सगळ्यात शेवटी लावायचा. त्याआधी दहा-बारा गोष्टी तपासायच्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक टेबलावर बसून, एकही बोल्ट न सोडता तपासता येतात.

हे सगळं अमेरिका आणि कॅनडातल्या परवान्यावरच्या शिकारीला, त्यातही पांढऱ्या शेपटीच्या हरणाला धरून लिहिलं आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारच बंद आहे, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

मुळात असं होतं का

बोल्ट रेलवरून (ज्या खाचेच्या पट्टीवर तो ठेवतात तिच्यावरून) सुटतो तेव्हा अगदी सरळ सुटत नाही. दोरी कणभर एका बाजूला ओढलेली असते, नॉक (बोल्टचं दोरीला टेकणारं मागचं टोक) किंचित तिरका असतो, नाहीतर कॅम (धनुष्याच्या टोकांवरची चाकं) एकाच क्षणी फिरत नाहीत. शेपूट थोडी वर किंवा बाजूला जाते आणि बोल्ट जरासा तिरका होऊन निघतो. पुढे फील्ड पॉइंट असेल तर काही बिघडत नाही. मागचे व्हेन (प्लास्टिकची पिसं) हवेत घासतात, शेपटीला जागेवर आणतात आणि दहा-पंधरा यार्डांत बोल्ट सरळ होतो. ब्रॉडहेडला मात्र पाती असतात, म्हणजे बोल्टच्या तोंडाशीच पंख असतात. बोल्ट तिरका असताना त्या पंखांवर हवा दाबते आणि तोंड आणखी बाहेर ढकलते. मागचे व्हेन एकीकडे ओढतात, पुढची पाती दुसरीकडे.

हवेचा हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी मैल सोडा, इथला हिशेब फूट प्रति सेकंदाचा आहे. ३०० फुटांच्या जुन्या रिकर्व्ह (चाकं नसलेल्या) क्रॉसबोवर जो ब्रॉडहेड शहाण्यासारखा उडायचा, त्याच्या पात्यांवर ४०० फुटांच्या कंपाउंडवर (चाकांच्या क्रॉसबोवर) पावणेदोन पटींहून जास्त, नेमकं सांगायचं तर १.७८ पट, दाब येतो. मित्राच्या धनुष्यावर उत्तम चालणारा ब्रॉडहेड आपल्याकडे भरकटतो, तो बहुतेकदा यामुळे.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. हाताच्या कंपाउंड धनुष्यात बाणाचा रेस्ट, म्हणजे टेकू, केसभर सरकवून ब्रॉडहेड आणि फील्ड पॉइंट एका जागी आणता येतात. क्रॉसबोला सरकवण्यासारखा रेस्टच नसतो, रेल जिथे आहे तिथेच राहते. म्हणून क्रॉसबोमध्ये ट्यूनिंग म्हणजे मुख्यतः बोल्टचं ट्यूनिंग. धनुष्याचं काम फक्त दरवेळी एकसारखं वागायचं.

आधी चाचणी नीट मांडा

तीन बोल्ट घ्या, कायमच्या मार्करने त्यांना १, २, ३ असे आकडे घाला. ब्रॉडहेडना अ, ब, क. फील्ड पॉइंट आणि ब्रॉडहेड एकाच वजनाचे हवेत, १०० ग्रेन तर १०० आणि १२५ तर १२५ (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक). बारा यार्डांपासून उगाच पुढे सरकत बसू नका, सरळ २० वर सुरू करा. धनुष्याच्या पुढच्या दांड्याखाली वाळूची पिशवी ठेवा. लिंब (धनुष्याचे वाकणारे हात), दोरी आणि केबल यांतलं काहीही कशालाही टेकता कामा नये. वारा पडलेला असताना, शक्यतो सकाळी, ही चाचणी करा. वाऱ्यात ब्रॉडहेड फील्ड पॉइंटपेक्षा जास्त वाहतो, मग दोष कुणाचा ते कळत नाही.

टार्गेट थरांच्या फोमचं हवं, ब्रॉडहेडसाठी बनवलेलं. चिंध्या भरलेल्या पोत्याच्या टार्गेटमध्ये ब्रॉडहेड अडकला की पोतं फाटतं किंवा इन्सर्ट (बोल्टच्या तोंडात बसवलेली, टोक फिरवून लावायची आट्यांची नळी) आतच राहतो. एका ठिपक्यावर एकच बोल्ट सोडा. दुसरा बोल्ट त्याच जागी गेला तर पहिल्याचे व्हेन कापले जातात आणि चाचणी तिथेच संपते. क्रम असा: १, २, ३ फील्ड पॉइंटसह. मग तेच तिघे ब्रॉडहेडसह. मग पुन्हा एकदा सगळं. प्रत्येक भोक आकड्यासकट कागदावर उतरवून ठेवा.

आता कागद वाचायचा.

एकच बोल्ट दरवेळी बाहेर जातो आणि बाकीचे दोन ठीक आहेत, तर त्याचा ब्रॉडहेड काढून दुसऱ्या बोल्टवर लावा. दोष ब्रॉडहेडबरोबर गेला तर पातं वाकलेलं आहे किंवा ब्रॉडहेडची दांडी तिरकी आहे. दोष बोल्टपाशीच राहिला तर इन्सर्ट, नॉक किंवा व्हेन. या अदलाबदलीला दोन मिनिटं लागतात. ती न करता लोक अख्खा नवा पॅक विकत आणतात.

तिन्ही पसरतात आणि दरवेळी वेगळ्या दिशेला जातात, तर बोल्ट एकसारखे नाहीत किंवा कुठलाच सरळ फिरत नाही. पसारा फक्त आडवा असेल तर आधी दोरी कशी चढवता (मागे ओढून अडकवता) आणि धनुष्य कलतं का ते बघा. फक्त उभा असेल तर वजनातला फरक, बोल्ट दोरीला पूर्ण टेकला नसणं, नाहीतर पुढचा टेकू दरवेळी वेगळ्या जागी.

तिन्ही एकत्र बसतात पण सगळेच एका बाजूला दोन-तीन इंच, तर बोल्ट चांगले आहेत. धनुष्यातूनच शेपूट एका बाजूला फेकली जाते आहे, किंवा ब्रॉडहेड कुठेतरी घासतो आहे. हा त्यातल्या त्यात सुखाचा दोष, कारण बाकी सगळं तपासल्यावर तो स्कोपने भरून काढता येतो.

सगळे थोडे खाली येतात आणि अंतर वाढेल तसं जास्तच खाली, तर ती हवेची ओढ आहे किंवा वजनातला फरक. यात एक आकडा हाताशी ठेवा. ४०० ग्रेनचा बोल्ट ४०० फुटांनी जात असेल आणि तुम्ही १०० च्या जागी १२५ ग्रेनचं डोकं लावलंत, तर वेग साधारण ११-१२ फुटांनी उतरतो. त्यामुळे २० यार्डांवर पाव इंच आणि ४० यार्डांवर सुमारे एक इंच खाली लागेल. पाच इंच खाली लागत असेल तर पंचवीस ग्रेनला दोष देऊ नका, तिथे दुसरंच काही आहे.

बोल्ट फिरवून बघा

सगळ्यात जास्त दोष इथे सापडतात, म्हणून इथे घाई नको.

ब्रॉडहेड घट्ट बसवा. बोल्ट बॉल-बेअरिंगच्या स्पिनरवर ठेवा आणि बोटाने फिरवा. स्पिनर नसेल तर ब्रॉडहेडचं टोक लाकडाच्या कठीण तुकड्यावर टेकवून बोल्ट उभा धरा आणि भोवऱ्यासारखी गिरकी द्या. नखावर फिरवण्याची जुनी रीत ब्रॉडहेडला लावू नका. आता नजर पात्यांवर ठेवू नका, पाती फिरताना डोळ्याला फसवतात. ब्रॉडहेड आणि शाफ्ट (बोल्टची कांडी) जिथे मिळतात त्या सांध्याकडे बघा. तिथे सावली एका जागी स्थिर दिसली पाहिजे. सांधा थरथरत असेल किंवा बोटांना बारीक गुरगुर जाणवत असेल, तर तो बोल्ट फील्ड पॉइंटसह कितीही चांगला जात असो, ब्रॉडहेडसह जाणार नाही.

थरथर दिसली की आधी सोपी कारणं बघा. ब्रॉडहेड सैल आहे का? आटे ८-३२ मापाचे असतात आणि त्यांत वाळू किंवा जुना ग्लू अडकला की डोकं चपखल बसत नाही. जुन्या टूथब्रशने आटे साफ करा. मग दुसरं डोकं लावून बघा. बऱ्याचदा अ डोकं १ नंबरवर थरथरतं आणि २ नंबरवर मख्खासारखं स्थिर फिरतं. तसं झालं तर ती जोडी तशीच ठेवा आणि दोघांवर एकच खूण करा.

कुठलंच डोकं स्थिर फिरत नसेल तर इन्सर्टचं तोंड शाफ्टशी काटकोनात नाही. त्यासाठी जी५ कंपनीचं स्क्वेअरिंग डिव्हाइस किंवा तसलं कुठलंही हत्यार लागतं. इन्सर्टच्या तोंडाला काळा मार्कर लावा, बोल्ट हत्याराच्या दोन टेकूंवर ठेवा, तोंड खरवडणाऱ्या बाजूला हलकं टेकवा आणि फिरवा. दोन फेऱ्यांनंतर बघा. रंग एकाच बाजूचा गेला असेल तर तोंड तिरकं होतं, याचा पुरावा तुमच्या हातात आहे. रंग सगळीकडून सारखा जाईपर्यंतच फिरवा, त्यापुढे एक फेरीही नको.

इन्सर्ट आतच तिरका बसला असेल तर तोंड घासून भागत नाही. तो हॉट मेल्ट ग्लूने बसवलेला असेल तर फील्ड पॉइंट अर्धा आत फिरवून त्या पॉइंटला लहान ज्योत दाखवा, शाफ्टला कधीच नाही. दुसऱ्या हाताची बोटं शाफ्टवर इन्सर्टच्या जवळ ठेवा. बोटांना चटका बसायला लागला म्हणजे कार्बनलाही बसतो आहे, तिथे थांबायचं. जास्त तापला तर कार्बनचे थर सुटतात आणि तसा शाफ्ट पुढे कधीतरी सुटताना फुटतो. ग्लू मऊ झाला की इन्सर्ट पाव फेरी फिरवा, बोल्ट दाबून धरा, ओल्या फडक्याने गार करा आणि पुन्हा स्पिन टेस्ट. एपॉक्सीने बसवलेल्या इन्सर्टला हा उपाय नाही. तो बोल्ट सरावासाठी ठेवा.

पाती व्हेनच्या रेषेत आणायची की नाही, यावर लोक तावातावाने भांडतात. तीन पाती आणि तीन व्हेन एका रेषेत आल्याने बोल्ट सरळ जातो, असं मानायला आधार दिसत नाही. मात्र सगळ्या बोल्टवर पाती एकाच कोनात आली तर रेल आणि रायझरपाशी (लिंब जोडलेल्या पुढच्या चौकटीपाशी) मोकळी जागा सगळीकडे सारखी राहते, तेवढ्यासाठी ते करण्यासारखं आहे. इन्सर्ट आणि डोक्याच्या मध्ये पातळ रबरी ओ-रिंग टाकली की डोकं हव्या त्या कोनात घट्ट करता येतं. ओ-रिंग टाकल्यावर स्पिन टेस्ट पुन्हा करा, जाड रिंग स्वतःच डोकं तिरकं बसवते.

वजन, तोल, व्हेन, नॉक

ग्रेनचा डिजिटल काटा फार महाग नाही, तो घ्याच. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, १०० ग्रेनचं डोकं साडेसहा ग्रॅमचं. तयार बोल्टच्या एकूण वजनात आपल्या संचात पाच ग्रेनपेक्षा जास्त फरक नको. पाकिटावर १०० लिहिलं म्हणून डोकं १०० भरतंच असं नाही. जड डोकं हलक्या शाफ्टला देऊन जोड्या जुळवा. एकूण वजन क्रॉसबोच्या मॅन्युअलमधल्या किमान आकड्याखाली कधीही जाऊ देऊ नका. फार हलका बोल्ट म्हणजे धनुष्याच्या दृष्टीने अर्धं ड्राय फायरच, म्हणजे बोल्ट न लावता दोरी सोडल्यासारखंच, लिंब आणि केबलवर त्याचा मार बसतो.

तोल असा काढा. नॉकच्या तळापासून इन्सर्टच्या टोकापर्यंत लांबी मोजा, डोकं सोडून. मग डोक्यासकट बोल्ट सुरीच्या पाठीवर तोला आणि तोलाची जागा नॉकपासून मोजा. त्यातून लांबीचा निम्मा भाग वजा करा, राहील त्याला पूर्ण लांबीने भागा, शंभरने गुणा. २० इंचाचा बोल्ट १३ इंचांवर तोलला तर १५ टक्के. १२ टक्क्यांच्या खाली ब्रॉडहेड नाठाळ होतात, १५ ते १८ मध्ये बरेच शांत राहतात. तोल पुढे आणायचा सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे पितळी इन्सर्ट, ते ११० ग्रेनपर्यंत मिळतात. यात दुहेरी फायदा आहे. ४०० ग्रेनचा बोल्ट ४७५ चा केला की वेग ४०० वरून ३७० च्या आसपास येतो आणि पात्यांवरचा हवेचा दाब सुमारे १५ टक्के कमी होतो. भिंगरीसारखे उडणारे ब्रॉडहेड एवढ्यानेच सरळ होतात, असं बरेचदा घडतं. वेगाच्या जाहिराती वाचून घेतलेल्या धनुष्यावर तीस फूट सोडायला जीवावर येतं खरं. पण ऊर्जा जात नाही. वजन ग्रेनमध्ये, वेगाचा वर्ग, दोघांचा गुणाकार आणि त्याला ४,५०,२४० ने भागा: दोन्हीकडे उत्तर १४२-१४४ फूट-पाउंडच येतं. हरणाला त्याहून खूप कमी पुरतं.

व्हेन प्रत्येकी नखाने कडेने उचलून बघा. टोकाशी सुटलेला व्हेन फील्ड पॉइंटसह लक्षात येत नाही. टार्गेटमधून आरपार गेल्याने चुरगळलेले व्हेन गरम पाण्यात किंवा हेअर ड्रायरच्या वाऱ्यात पुन्हा सरळ होतात, कापलेले होत नाहीत. दोन इंची सरळ व्हेनवर मोठा फिक्स्ड (न मिटणाऱ्या पात्यांचा) ब्रॉडहेड चालवणं म्हणजे लांब पतंगाला वीतभर शेपटी. तीन इंची, किंचित तिरपे लावलेले व्हेन बोल्टला फिरकी देतात. फक्त ते रेलच्या खाचेत आणि रायझरखालून न घासता जातात ना, ते आधी हाताने सरकवून बघा.

नॉकच्या बाबतीत प्रयोग करायचे नाहीत. रॅविन कंपनीच्या क्रॉसबोला दोरी पकडणारा क्लिप-ऑन नॉक लागतो, टेनपॉइंटला अल्फा-नॉक, बऱ्याच बार्नेटना अर्धचंद्र, एक्सकॅलिबरच्या रिकर्व्हना सपाट. आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेला असेल तोच. चुकीच्या नॉकवरून दोरी वर चढते किंवा खाली घसरते आणि मग प्रश्न चार इंचांचा राहत नाही, लिंब फुटतात. अर्धचंद्र नॉकची खाच वेगळ्या रंगाच्या व्हेनशी काटकोनात, म्हणजे दोरीच्या रेषेत हवी, आणि तो व्हेन रेलच्या खाचेत खाली. बोल्ट सुटताना नॉक फिरलेला असेल तर डोकं कितीही चांगलं असो, उपयोग नाही.

आता धनुष्य

दोरी न चढवलेल्या अवस्थेत रेलच्या दोन्ही कडांना लागून दोरीच्या सर्व्हिंगवर (मध्यावर गुंडाळलेल्या धाग्यावर) पांढऱ्या मार्करने बारीक रेघ ओढा. मग दोरी चढवा आणि लॅचपाशी (दोरी अडकते तिथे) वरून बघा. दोन्ही रेघा रेलच्या कडेपासून सारख्या अंतरावर हव्यात. एक रेघ रेलवर चढलेली आणि दुसरी बाहेर दिसली, तर दोरी एका बाजूला ओढली गेली आहे आणि बोल्ट आडवा जाणार. हातांनी चढवणाऱ्यांमध्ये हे सर्रास होतं, उजवा हात जास्त ओढतो. दोरखंडाचा कॉकर (दोरी चढवायचं दोन मुठींचं साधन) वापरा, दोन्ही मुठी एकाच वेळी ओढा, मध्येच थांबून झटका देऊ नका. क्रँक (हँडल फिरवून दोरी चढवायची सोय) असेल तर हा प्रश्न जवळपास येतच नाही. इथेच सांगून टाकायला हवं की पुढचा हात नेहमी रेलच्या खाली, अंगठा वर कधीच नाही.

बोल्ट वरून दाबून धरणारी स्प्रिंग वरच्या दोन व्हेनच्या मध्ये, शाफ्टच्या बरोबर मध्यावर टेकली पाहिजे. ती बाजूला वाकली असेल तर सुटताना शेपटीला एक टोला बसतो. बोल्ट मागे सरकवून दोरीला पूर्ण टेकवा. ब्रॉडहेड लावलेला बोल्ट लोक भीतीने हळूच ठेवतात आणि तिळाएवढी फट राहते, तेवढ्याने उभा पसारा होतो.

मग ब्रॉडहेड कुठे घासतो का ते बघा. छोट्या, अरुंद धनुष्यांमध्ये पाती रायझरच्या अगदी जवळ असतात. दोरी न चढवता बोल्ट रेलवर ठेवा, हाताने पुढे सरकवा आणि पाती पुढच्या टोकाशी कशालाही लागतात का ते पहा. रेलच्या टोकाला चमकदार ओरखडा दिसला तर उत्तर मिळालं. डोकं फिरवून पाती खालच्या कडेपासून दूर न्या, नाहीतर कमी व्यासाचं डोकं घ्या.

दोरीला मेण, आणि रेलला तेल लागत असेल तर मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे थेंबभर. रॅविनसारख्या काही बनावटींत दोरी रेलला टेकतच नाही, तिथे तेल ओतू नका. नवी दोरी सुरुवातीला ताणते, त्या काळात जुळवलेलं सगळं सरकतं.

कॅमवर वेळेच्या खुणा असतील तर दोन्ही बाजूंच्या खुणा जुळतात का बघा. जुळत नसतील, कॅम कललेला दिसत असेल, तर केबलला पीळ द्यावा लागतो आणि त्याला बो-प्रेस (लिंब दाबून धरणारं यंत्र) लागते. हे घरी करू नका, दुकानात न्या. तुमच्या ब्रॉडहेडच्या भोकांचा कागदही बरोबर न्या. "डावीकडे जातो" म्हणण्यापेक्षा तो कागद मेकॅनिकला जास्त सांगतो.

कल राहिला. ४०० फुटांचा बोल्ट ४० यार्डांपर्यंत दीड फुटाच्या आसपास पडतो आणि स्कोप तेवढं भरून काढत असतो. धनुष्य पाच अंश कलंडलं तर ४० वर दीड इंच बाजूला लागतं. झाडावरच्या मचाणीत बसून खाली नेम धरताना पाच अंश कधी होतात ते कळतही नाही. पिकॅटिनी रेलवर (स्कोप बसवायच्या खाचांच्या पट्टीवर) बसणारा छोटा बुडबुडा लेव्हल लावा. स्कोपच्या रिंगा सैल नाहीत ना हेही आत्ताच बघा.

मेकॅनिकलचं वेगळं दुखणं

घडीच्या पात्यांचा ब्रॉडहेड मिटलेला असताना फील्ड पॉइंटसारखा उडतो म्हणून लोक घेतात, आणि ते बरोबरच आहे. पण क्रॉसबोचा धक्का हाताच्या धनुष्यापेक्षा फार जास्त असतो. पाती धरून ठेवणारी कॉलर, रबर बँड किंवा क्लिप कमजोर असेल तर पाती सुटतानाच उघडतात. बोल्ट मध्येच वेडावाकडा खाली बसतो आणि आवाजही वेगळा येतो, पिसं फडफडल्यासारखा. खात्री करायची असेल तर टार्गेटच्या तीन फूट पुढे वर्तमानपत्राचं एकच पान ताणून लावा. मिटलेल्या डोक्याचं भोक लहान आणि गोलसर पडतं. पानावरच लांब चिरा पडल्या असतील तर डोकं वाटेतच उघडलं होतं. पुठ्ठा लावू नका, मागून उघडणारी पाती पुठ्ठ्यावरच उघडतात आणि निष्कर्ष चुकतो.

पाकिटावर क्रॉसबोसाठी असं स्पष्ट लिहिलेलंच मेकॅनिकल घ्या, त्यांच्या कॉलर किंवा क्लिप जास्त कडक असतात. एका डोक्याची कॉलर दुसऱ्यात घालू नका. थंडीत जुने रबर बँड तडकतात, मोसमाच्या सुरुवातीलाच सगळे बदला. पाकिटातलं सरावाचं डोकं खऱ्या डोक्यासारखंच उडेल असं गृहीत धरू नका, एक खरं डोकं सरावासाठी मोडीत काढा.

नवं घ्यायचंच असेल तर

३५० फुटांच्या वर, पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी, फिक्स्ड घेणार असाल तर आखूड अंगाचं, १ १/१६ ते १ ३/१६ इंच व्यासाचं, तीन किंवा चार पात्यांचं. जी५ माँटेक, स्लिक ट्रिक, मझी ट्रोकार या जातकुळीतलं. दीड इंची फिक्स्ड पाती या वेगाला लावून मग महिनाभर ट्यूनिंग करत बसण्यात अर्थ नाही. मेकॅनिकलमध्ये दीड ते पावणेदोन इंच पुरेसं आहे, दोन इंचांच्या पुढे तिरक्या कोनातून हाडावर लागलं तर ऊर्जा पाती उघडण्यातच जाते. एल्क किंवा मूस या मोठ्या हरणांसाठी फिक्स्डच, आणि टोकापासूनच कापणारं.

खरेदीआधी आपल्या राज्याचा चालू वर्षाचा नियम वाचा. पेनसिल्व्हेनियात कापण्याची रुंदी किमान ७/८ इंच लागते, ऑन्टारियोत किमान २२ मिलिमीटर आणि दोन धारदार कडा, म्हणजे तेवढंच. ऑरेगॉनमध्ये क्रॉसबोने शिकार करताच येत नाही. उलट्या काट्यांची पाती बऱ्याच ठिकाणी बेकायदा आहेत.

आता स्कोप

तिन्ही ब्रॉडहेड ३० यार्डांवर एकत्र बसायला लागले आणि सगळा ग्रुप, समजा, दोन इंच डावीकडे आहे, तर आता टोपण उघडा. पाव एमओएच्या (एका क्लिकला १०० यार्डांवर साधारण पाव इंच सरकणाऱ्या) स्कोपला २० यार्डांवर एका इंचाला साधारण २० क्लिक लागतात. ३० यार्डांवर दोन इंचांना २५ च्या जवळ. एका बोल्टवरून ठरवू नका, तिघांच्या मध्यावरून ठरवा. मोसमात स्कोप ब्रॉडहेडलाच जुळलेला राहू द्या आणि फील्ड पॉइंट किती बाहेर जातो ते चिठ्ठीवर लिहून दांड्याला चिकटवा, म्हणजे सराव करताना पुन्हा क्लिक फिरवावे लागत नाहीत. मग ४० वर तपासा. २० आणि ३० वर जुळलं आणि ४० वर अचानक पसरलं, तर बोल्ट अजून पूर्ण सरळ होत नाही, पुन्हा तोल आणि व्हेनकडे या.

फोममध्ये गेलेलं डोकं तसंच शिकारीला नेऊ नका. पाती बदला, पाना वापरून घट्ट करा, आट्यांवर किंचित मेण लावलं तर धक्क्याने सैल होत नाही, आणि स्पिन टेस्ट पुन्हा करा. बोल्टही तपासा. दोन्ही टोकं धरून हलकासा वाकवा, चर्र असा आवाज येतो का ऐका, पाव फेरी फिरवून पुन्हा. मग कापसाचा बोळा शाफ्टवरून नॉकपासून इन्सर्टपर्यंत फिरवा. कापसाचा एकही तंतू अडकला तर कार्बनला चीर आहे. तो बोल्ट तिथेच मधोमध मोडा आणि कचऱ्यात टाका, म्हणजे चुकून पुन्हा भात्यात जाणार नाही.